गोठ्याचे दार आणि धंतोलीतली खोली

वाचकाचे पत्र

आदरणीय बाई, मी केळापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय 38, दोन लेकरे, सात एकर वावर. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराने आपला जीव दिला. त्या दिवशी सकाळी सात वाजता मीच त्यांना चहा दिला होता, आणि दुपारी गोठ्यात त्यांना पहिल्यांदा पाहिले तेही मीच. तेव्हापासून गोठ्यात माझे पाऊल पडलेले नाही. दूध मुलगा काढतो. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते आणि उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. देवऋषी झाला, उपवास झाले, गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आता कधी कधी वाटते की झोपावे आणि उठूच नये. माझी बहीण नागपूरला असते. ती म्हणते, धंतोलीत एक बाई आहेत, त्या औषध न देता बोलून उपचार करतात, एका वेळेचे 1200 रुपये घेतात. मालक म्हणतात, "डोस्कं फिरलं काय तुयं? बोलाचे बाराशे?" त्यांनी दोन वर्षांत भावाचे नाव एकदाही घेतलेले नाही. नुसत्या बोलण्याने काही होते का? अनोळखी माणसापुढे घरचे काढावे का? त्या बाई खऱ्या आहेत हे कसे ओळखायचे? गावात कळले तर मुलीच्या लग्नाचे काय? आणि तिथे गेल्यावर रडूच आले तर काय करायचे?

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही पाच प्रश्न विचारले आहेत आणि त्या सगळ्यांकडे मी येणार आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलेले नाही, त्या वाक्यापाशी मला थांबले पाहिजे. "झोपावे आणि उठूच नये" असे तुम्ही लिहिले आहे. दोन वर्षे झोप नसलेल्या माणसाच्या मनात असा विचार थकव्यातून येऊ शकतो, आणि तो मनात आला म्हणून तुम्ही वाईट आई किंवा वाईट सून ठरत नाही. परंतु हा विचार "उठू नये" इथवरच थांबतो, की "कसे" आणि "केव्हा" इथवर जाऊन पोहोचतो, हे तुम्ही स्वतःला खरेपणाने विचारावे. तो पुढे गेलेला असेल, किंवा एखाद्या रात्री पुढे गेला, तर नागपूरची वाट पाहू नका. त्याच क्षणी घरातील कुणाला तरी उठवून सांगा आणि 14416 हा क्रमांक लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. असे बोलून दाखवले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती आपल्या भागात अजून आहे. मनात आलेला विचार बोलून दाखवणे हा गुन्हा नाही, आणि मानसिक आरोग्य देखभाल कायदा, 2017 याच्या कलम 115 नुसार ज्याने प्रत्यक्ष प्रयत्न केला त्यालाही तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानायचे असते आणि त्याच्यावर खटला चालवायचा नसतो.

आणखी एक काम आजच करायचे आहे, आणि ते तुमच्या पतीने करायचे आहे. फवारणीची जी औषधे घरात, गोठ्यात किंवा माळ्यावर ठेवलेली असतील, ती सगळी एका पेटीत घालून कुलूप लावावे, आणि किल्ली त्यांनी स्वतःजवळ किंवा शेजाऱ्याकडे ठेवावी. जीव द्यावासा वाटण्याची लाट पुष्कळदा थोडा वेळ उसळते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली, तेव्हा तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. आपल्या गावात बंदी कधी येईल ते आपल्या हातात नाही, कुलूप मात्र आपल्या हातात आहे.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. आधीच सांगून ठेवते की मी स्वतः नागपुरातील एका वस्तीत असाच खासगी व्यवसाय करते, तेव्हा या उपचाराची बाजू मी घेतली तर ती कुणी घेतली हे ध्यानात ठेवून तुम्ही ऐकावे. या सदरात पत्र लिहिणाऱ्या वाचकांना मी माझ्याकडे उपचारासाठी घेत नाही. तुमच्या बहिणीने सांगितलेल्या बाई कोण, हेही मला ठाऊक नाही.

नुसत्या बोलण्याने काही होते का, असे तुम्ही विचारता. नुसत्या बोलण्याने फारसे होत नाही, हे तुमच्या पतीचे म्हणणे मला मान्य आहे. दोन वर्षांत तुमच्याशी कितीतरी जण बोलले असतील. "तुझी काय चूक, त्याच्या नशिबातच होते," असे तुमच्या आईने, नणंदेने, गल्लीतल्या बायांनी सांगितले असेल आणि ते सांगताना त्यांचा जीव तुमच्यासाठी तुटतही असेल. पण त्याने तुमची तीनची जाग गेलेली नाही. उपचारातील बोलणे वेगळे असते. मला जमेल तितके जवळून ते दाखवते.

तुमच्या पत्रात सकाळी सातचा चहा आहे. माझा अंदाज असा, आणि तो चुकीचा असेल तर तुम्ही मला क्षमा करावी, की रात्री तीनला तुम्हाला जाग येते तेव्हा तुम्ही त्या चहापाशीच पोहोचता. त्यांनी कप घेतला तेव्हा ते खाली पाहत होते का, "वावरात जातो" असे म्हणताना आवाज वेगळा होता का, आपण "भाऊजी, काय झाले?" असे विचारले असते तर काय झाले असते, हे प्रश्न रोज त्याच क्रमाने येत असतील आणि रोज त्यांचे उत्तर "मला कळायला हवे होते" असेच निघत असेल. चांगली मानसोपचारक, म्हणजे बोलून उपचार करणारी बाई, तुम्हाला "तुमची चूक नाही" असे घाईने सांगणार नाही, कारण ते वाक्य तुम्ही शंभरदा ऐकले आहे आणि शंभरदा परतवले आहे. ती तुम्हाला ती सकाळ सावकाश, मिनिटामिनिटाने सांगायला लावेल. चूल पेटवली तेव्हा काय वाजले होते, घरात कोण होते, मुलांच्या डब्यात काय होते, भाऊजी त्याआधीच्या आठवड्यात किती वेळा असेच गप्प होते, आणि कापसाच्या दिवसांत गप्प नसतो असा घरात कोण असतो. मग ती विचारेल की यांपैकी किती गोष्टी तुम्हाला सकाळी सात वाजता ठाऊक होत्या आणि किती दुपारी बारानंतर कळल्या. तुम्ही दोन वर्षे ज्या बाईला शिक्षा देत आहात ती सात वाजताची बाई आहे, आणि तिला दोषी ठरवताना पुरावा मात्र बारानंतरचा वापरला जातो आहे. हे कुणी सांगून पटत नाही. ते आपल्याच तोंडून, आपल्याच तपशिलांतून बाहेर यावे लागते. त्याला कधी तीन बैठका लागतात, कधी सहा, आणि मधल्या काळात माणसाला थोडे जास्तच दुखते. हे मी लपवत नाही, कारण दुसऱ्या बैठकीनंतर त्रास वाढला म्हणून उपचार सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना कुणी आधी सावध केले असते तर ते टिकले असते असे मला वाटते.

गोठ्याचेही तसेच. जिथे भीती बसली तिथे जायचे टाळले की त्या दिवसापुरते बरे वाटते, आणि भीती मात्र एक वीत वाढते. दोन वर्षे तुम्ही रोज गोठा टाळता आहात. म्हणजे मनाला रोज शिकवता आहात की तिथे धोका आहे. उपचारात हे उलटे शिकवले जाते, पण ढकलून नव्हे, पायरी पायरीने. पहिल्या आठवड्यात कदाचित एवढेच काम असेल की रोज संध्याकाळी अंगणाच्या कोपऱ्यात, जिथून गोठ्याचे दार दिसते तिथे, उभे राहायचे. छाती धडधडेल, हातांना घाम येईल, पळावेसे वाटेल. पळायचे नाही. थांबून राहिले की अर्धा-पाऊण तासात धडधड आपोआप खाली येते, आणि ती खाली येताना आपण तिथेच होतो हे शरीराला कळते. चार-पाच दिवसांनी तीच जागा कमी त्रासाची होते, मग दारापर्यंत, मग दाराला हात लावून, मग मुलगा आत दूध काढत असताना उंबऱ्यावर, आणि अखेर गाईच्या कासेशी. ही पायऱ्यांची यादी तुम्ही आणि ती बाई मिळून तयार करता. कोणती पायरी केव्हा चढायची ते तुम्ही ठरवता. तुम्ही पाहाल की यातले खरे काम धंतोलीत होतच नाही, ते तुमच्या अंगणात होते. धंतोलीत फक्त त्याची आखणी होते आणि मागच्या आठवड्याचा हिशेब होतो. हे एकटीने आजपासून सुरू करू नका. उंबऱ्यावर त्या दुपारचे चित्र पूर्ण डोळ्यांपुढे आले तर सावरायला कुणीतरी जाणते असले पाहिजे.

बाराशे रुपयांविषयी तुमच्या पतीशी मला सरळ बोलावेसे वाटते, आणि हा भाग तुम्ही त्यांना वाचून दाखवला तर मला आवडेल. भाऊ, पैशाचा प्रश्न तुम्ही विचारला त्यात गैर काही नाही. सात एकर कोरडवाहूत बाराशे रुपये किती मोठे असतात हे मला ठाऊक आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातून आले आहे आणि उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाची वेचणी संपण्याच्या, वेळी घरात होणारे हिशेब मी लहानपणी झोपेचे सोंग घेऊन ऐकले आहेत. पण विहिरीतली मोटर जळाली तर तुम्ही ती त्याच आठवड्यात भरून आणता, आणि तेव्हा "एवढे पैसे कशाला" असे घरात कुणी म्हणत नाही, कारण पाणी थांबलेले सगळ्यांना दिसते. तुमच्या घरातली बाई दोन वर्षे झोपलेली नाही. आणि मला असेही वाटते की भावाचे नाव न घेता दोन वर्षे काढणारा माणूसही फारसा झोपलेला नसावा. डोके फिरले का, हे तुम्ही रागाने म्हटलेत तरी त्यामागे भीती असेल. घरातून एक माणूस गेला, आता दुसऱ्याचे काही होऊ नये ही. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जावे. तुमची पत्नी हो म्हणाली तर दहा मिनिटे आत बसावे, आपल्या शंका विचाराव्यात आणि मग बाहेर येऊन थांबावे.

आता खरे-खोटे ओळखण्याचे. आपण बियाणे घेतो तेव्हा पिशवीवरची खूणचिठ्ठी पाहतो, लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो आणि पीक निघेपर्यंत रिकामी पिशवी जपून ठेवतो. इथेही तितकेच चोखंदळ असावे, कारण या व्यवसायात पाटी लावणे सोपे आहे. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण सायकियाट्रिस्ट म्हणतो, ते एमबीबीएस झाल्यानंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नव्हेत. त्यांचे शिक्षण मानसशास्त्राचे असते, बहुतेकांनी दोन वर्षांचा एमफिल केलेला असतो आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्या नोंदीचा क्रमांक तुम्ही मागू शकता, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासताही येतो; हे काम तुमची बहीण मोबाइलवर करू शकेल. तिसरा वर्ग समुपदेशकांचा. त्यांत मानसशास्त्रात एमए करून अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम लोक आहेत, आणि दोन महिन्यांचा एखादा अभ्यासक्रम करून खुर्ची मांडणारेही आहेत. दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून विचारावेच लागते. "तुमचे शिक्षण काय, माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही आधी काम केले आहे का, साधारण किती बैठका लागतील, आणि गुण येतो आहे की नाही हे आपण केव्हा आणि कसे पाहायचे" हे चार प्रश्न फोनवरच विचारा. जी बाई या प्रश्नांनी दुखावते तिच्याकडे जाऊ नका. तुमच्यासारख्या त्रासात मी स्वतः आठ ते बारा बैठकांचा अंदाज देते आणि चौथ्या बैठकीनंतर थांबून हिशेब घेते. झोपेत, धडधडीत, गोठ्याच्या पायऱ्यांवर काहीच हललेले नसेल तर मार्ग बदलायचा किंवा दुसऱ्याकडे पाठवायचे. महिनोन् महिने पैसे घेत राहणारा आणि "वेळ लागतो" एवढेच सांगणारा माणूस मला मान्य नाही.

हे मी नुसते पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसले आहे. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी त्या पाऊण तासात दोनदा फोन घेतला, माझे बोलणे अर्धे असतानाच "तुम्ही तर जाणत्या आहात" असे म्हटले आणि निघताना ध्यानधारणेच्या शिबिराचा कागद हातात दिला. मी जिना उतरले तेव्हा मला आपण वर गेलो त्याहून एकटे वाटत होते. पुढे दीड महिना मी कुणाकडेच गेले नाही. मग दुसऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी मला फक्त वडिलांच्या हातांविषयी विचारले, आणि कापूस वेचून वेचून बोटांच्या टोकांना पडलेल्या त्या बारीक चिरा मला पंधरा वर्षांनी दिसल्या. पहिली जागा चुकली म्हणून सगळीकडे तसेच असते असे समजू नका, एवढ्यासाठी हे सांगितले.

जायचे कुठे, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मी तुम्हाला आधी नागपूरला नव्हे, यवतमाळला पाठवीन. तिथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तिथे एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. छाती धडधडते म्हणता तर ईसीजी, आणि रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉईडही पाहून घ्या, कारण आपल्याकडच्या बायांत रक्त कमी असणे फार आहे आणि थायरॉईडचा बिघाड पुष्कळदा काळजीच्या त्रासासारखाच दिसतो. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. त्या गोळ्यांतील पुष्कळशा महिनोन् महिने घेतल्या तर सवय लागते. त्या एकदम बंदही करू नका, तिथल्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. ते कदाचित उदासीवरची वेगळी गोळी लिहून देतील. ती झोपेची गोळी नव्हे, तिची तशी सवय लागत नाही आणि तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही झाले नाही म्हणून ती टाकून देऊ नका, आणि बरे वाटले म्हणून मनानेही सोडू नका. औषध आणि बोलण्याचा उपचार यांचे वैर नाही. झोप थोडी परतली की त्या सकाळीविषयी बोलायचे बळ येते.

मग नागपूर कशाला, असे तुम्ही विचाराल. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर चांगले असतात, पण बाहेर रांग असते आणि तुमच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. सातच्या चहाची गोष्ट दहा मिनिटांत मावत नाही. खासगी खोलीत तुम्ही जे विकत घेता ते मुख्यतः वेळ आहे, पाऊण ते एक तास, ठरलेल्या वारी, तेच माणूस, आणि दार बंद. ते दर आठवड्याला परवडणार नसेल तर पंधरा दिवसांनी घ्या. फी कमी होईल का असे संकोच न करता विचारा. आमच्यापैकी अनेक जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण मागितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. एसटीत बायांना 2023 च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा दीडशे किलोमीटरचा प्रवास पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. मधल्या एखाद्या बैठकीला व्हिडिओ कॉलही चालतो, मात्र तुमच्या गावात रेंज असेल आणि कुणी ऐकणार नाही अशी जागा असेल तरच. घरात सासू पलीकडच्या खोलीत असताना माणूस खरे बोलत नाही.

नागपूर जमलेच नाही तर दार बंद झाले असे मात्र समजू नका. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून उदास झालेल्यांशी नीट बोलायला, त्यांना रोजच्या कामांत पुन्हा ओढून आणायला आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पोहोचवायला तयार केले होते. प्रकल्पाआधी उदासीने ग्रासलेल्या शंभर जणांतील चार जेमतेम कुणाची मदत घेत होते, नंतर हे प्रमाण सत्तावीसच्या पुढे गेले. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. हे आपल्याच मातीतले आहे, पऱ्हाटी आणि तुरीच्या गावांतले. तुमच्या तालुक्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी येते ते गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या स्वयंसेविकेला, विचारा. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 2015 पासून 'प्रेरणा' प्रकल्प आहे, त्यामुळे हा प्रश्न आशाताईंना नवा नसेल.

अनोळखी माणसापुढे घरचे काढणे बरोबर आहे का? तुमच्या दुःखाची वाटेकरी असलेली माणसे, तुमचे पती, सासू, जाऊ, ही त्याच मृत्यूत बुडालेली आहेत. त्यांच्यापुढे तुम्ही "मला त्यांचा रागही येतो" असे म्हणू शकाल का? येतच असेल राग, दोन लेकरांच्या घरात हे असे टाकून गेल्याचा. ते वाक्य अनोळखी माणसापुढेच आधी निघते. आणि ती अनोळखी बाई तुमचे बोलणे बाहेर नेऊ शकत नाही. 2017 च्या त्याच कायद्याने ही गोपनीयता तुमचा हक्क म्हणून दिली आहे. तुमच्या पतीने फोन करून "ती काय बोलली" असे विचारले तरी तुमच्या परवानगीशिवाय उत्तर मिळत नाही. अपवाद मुख्यतः एकच, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावे लागते, आणि चांगली मानसोपचारक हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. म्हणूनच माझ्याकडे आलेल्या कुणाचीही गोष्ट, नाव बदलूनसुद्धा, मी इथे उदाहरण म्हणून लिहिली नाही.

मुलीच्या लग्नाची काळजी मी हलकी मानत नाही; खेड्यात राहून कुणी ती हलकी मानू शकत नाही. घरात एक मृत्यू झालेला आहे, तो सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि त्यावरून जे बोलायचे ते लोकांनी बोलून झाले असेल. तुम्ही नागपूरला बहिणीकडे जाता, एवढे सांगणे खोटे नाही आणि पुरेसे आहे. मुलगी मोठी असेल तर तिला मात्र खरे सांगा. आई रात्री तीनला उठून बसते हे तिला माहीत असते. कशासाठी ते माहीत नसते, आणि लेकरे अशा वेळी कारण स्वतःत शोधतात.

राहिला रडण्याचा प्रश्न. तो तुम्ही सर्वांत शेवटी आणि थोडे लाजून विचारला आहे, पण मला वाटते तुमची खरी भीती तीच आहे, की एकदा बांध फुटला तर थांबणारच नाही. म्हणून ती खोली कशी असते ते सांगते. पाटीवर बहुधा फक्त नाव असते. चपला बाहेर. आत दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हे तर जरा तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे नजर चुकवायची असेल तर चुकवता येते. बाजूला पाण्याचा तांब्या किंवा बाटली, कागदी रुमालांचा डबा. एक घड्याळ असते, दोघींना दिसेल असे. तुम्ही रडू लागलात तर ती बाई धावत उठणार नाही, पाठीवर हात ठेवून "रडू नका" म्हणणार नाही, घाईने पाणीही पुढे करणार नाही. ती थांबेल. दोन वर्षांत तुमच्यासाठी असे कुणी थांबले नसेल, म्हणून सुरुवातीला ते विचित्र वाटेल. रडणे आपोआप ओसरते, धडधडीसारखेच; कुणी ते अडवले नाही तर लवकर ओसरते.

फोन कराल तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की तुम्हाला गणेशपेठेच्या बसस्थानकावरून परतीची गाडी धरायची आहे. मग ती वेळ संपायच्या दहा मिनिटे आधी तुम्हाला सांगेल, त्या दिवशीचे अवघड बोलणे तिथेच थांबवेल, आणि तोंड धुऊन, पदर सावरून, थोडे पाणी पिऊन निघायला तुम्हाला वेळ मिळेल.